सोळा तासांचा उपवास आणि वजन: दीर्घकाळ करणाऱ्यांचे अनुभव हवे आहेत

मृगधारा

नमस्कार. माझे वय ४६ आहे, काम दिवसभर बसून करण्याचे आहे आणि बीएमआय (उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा) २९ च्या घरात गेला आहे. अलीकडच्या तपासणीत एचबीएवनसी, म्हणजे रक्तातील साखरेची सरासरी दाखवणारा आकडा, ६.१ आले. डॉक्टरांच्या सांगण्यानुसार हा मधुमेह नव्हे, पण त्याच्या अलीकडची पायरी आहे. तूर्त औषध न घेता वजन उतरवावे आणि चालणे वाढवावे, असा त्यांचा सल्ला आहे. कार्यालयातील दोघी-तिघी १६:८ पद्धतीचा उपवास करतात, म्हणजे दुपारी १२ ते रात्री ८ एवढ्याच वेळात खातात आणि उरलेले सोळा तास पाण्यावर किंवा कोऱ्या चहावर काढतात. त्यांची वजने उतरलेली मी पाहिली आहेत, त्यामुळे आपणही करून पाहावे असे वाटू लागले आहे.

माझ्या शंका तीन आहेत. वजन उतरते ते उपाशी राहण्याच्या तासांमुळे, की एक खाणे कमी झाल्यामुळे? दुसरी शंका घरगुती आहे: यजमान रात्री नऊनंतर घरी येतात, सासूबाई त्यांच्यासाठी थांबतात आणि रात्रीचे जेवण सर्वांनी एकत्र घ्यायचे ही घरातील जुनी रीत आहे, अशा घरात रात्री आठची मर्यादा कशी पाळायची? तिसरी म्हणजे, हे सोडून दिल्यावर वजन परत येते का? पंधरवड्यात किती किलो गेले याची वर्णने सगळीकडे वाचायला मिळतात, ती नकोत. ज्यांनी वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ केले, किंवा करून सोडले, त्यांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

घाटवाट

मी दोन वर्षांहून अधिक काळ करत आहे, म्हणून लिहितो. सुरुवातीला वजन ९१ किलो होते, साधारण वर्षभरात ८२ वर आले आणि तेव्हापासून किलो-दीड किलोच्या फरकाने तिथेच आहे. पहिल्या आठवड्यात काटा झपाट्याने खाली येतो, त्याने हुरळून जाऊ नये. यकृतात आणि स्नायूंत साठवलेल्या ग्लायकोजेनच्या (शरीरातील साखरेच्या साठ्याच्या) प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी साठलेले असते; तो साठा घटला की पाणीही जाते आणि सुरुवातीची घट बरीचशी त्या पाण्याची असते. चरबी त्यानंतर, फार सावकाश उतरते.

तुमच्या पहिल्या शंकेबाबत सांगायचे तर, सकाळचे पोहे सोडल्याने माझ्या वजनात काही मोठा फरक पडला असे मला वाटत नाही. माझे काम अमेरिकेतील ग्राहकांबरोबर असल्याने रात्री उशिरापर्यंत बैठका चालतात, आणि त्या काळात लॅपटॉपशेजारी चिवडा, फरसाण, बिस्किटे, कधी डब्यात उरलेला लाडू असे काही ना काही असेच. आठनंतर खायचे नाही असे ठरल्यावर हे सर्व एकदम बंद झाले. ‘थोडेच खावे’ हा नियम मला कधी पाळता आला नव्हता. ‘आठनंतर नाही’ हा पाळता येतो, कारण त्यात रोज नव्याने काही ठरवावे लागत नाही. पहिले दोनएक आठवडे सकाळी डोके दुखत असे आणि चिडचिड होई, पुढे सकाळची भूक आपोआप मंदावली.

पाटावरवंटा

आमच्या घरी एकादशीला एवढे खाल्ले जाते की दुसऱ्या दिवशीचे सोळा तास आपोआपच उपाशी जातात. त्यामुळे ही पद्धत आमच्याकडे पूर्वापार चालत आलेली आहे असे मी मानतो.

स्टेथोस्कोप

मी फिजिशियन आहे. कोणाला व्यक्तिगत सल्ला येथे देणार नाही, परंतु पहिल्या शंकेवर बरेच चांगले संशोधन झालेले आहे, ते सांगतो.

२०२० मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को येथील गटाने ११६ जणांवर केलेला बारा आठवड्यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. एका गटाने दुपारी १२ ते रात्री ८ या वेळेत हवे तेवढे खायचे आणि दुसऱ्या गटाने रोज तीन वेळा जेवायचे, एवढाच भेद होता. कॅलरी कोणालाच मोजायला सांगितल्या नव्हत्या. उपवास करणाऱ्यांचे वजन सरासरी ०.९४ किलोने आणि दुसऱ्या गटाचे ०.६८ किलोने उतरले. हा फरक इतका किरकोळ आहे की तो केवळ योगायोगानेही पडू शकतो. २०२२ मध्ये चीनमधील ग्वांगझू येथील प्रयोग आला. त्यात १३९ स्थूल व्यक्तींना वर्षभर मोजून कमी आहार देण्यात आला आणि त्यांपैकी एका गटाला तो सकाळी ८ ते दुपारी ४ या वेळेतच संपवण्यास सांगण्यात आले. वर्षअखेरीस वेळेचे बंधन असलेल्या गटाचे सरासरी ८ किलो आणि बंधन नसलेल्या गटाचे ६.३ किलो वजन उतरले. हाही फरक सांख्यिकीच्या कसोटीवर ठोस ठरला नाही.

या दोन्हींचा अर्थ मी असा लावतो की वजन उतरते ते एकूण खाणे कमी झाल्यामुळे, आणि घड्याळ हे खाणे कमी करण्याचे एक साधन आहे. घाटवाट यांना ते लागू पडले, कारण त्यांचे जास्तीचे खाणे नेमके रात्रीच्या तासांत होत होते. ज्याचे जास्तीचे खाणे दुपारच्या जेवणात होते, त्याला या पद्धतीचा फारसा उपयोग होत नाही.

सावधगिरीच्या दोन गोष्टी सांगतो. जे मधुमेहासाठी इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या सल्फोनिलयुरिया गटातील गोळ्या घेतात, त्यांनी डॉक्टरांना विचारून मात्रा बदलून घेतल्याशिवाय हा उपवास सुरू करू नये. साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. गरोदर व स्तनदा स्त्रिया, वाढत्या वयाची मुले आणि खाण्याशी संबंधित मानसिक विकार होऊन गेलेल्या व्यक्ती यांनी यापासून दूर राहावे.

केशरमळा

डॉक्टरांच्या प्रतिसादात इन्शुलिनचा विचार आलेला नाही याचे आश्चर्य वाटले. महाराष्ट्रात हा विषय परदेशी प्रयोगांच्या आधी डॉ. श्रीकांत जिचकार यांनी मांडला आणि पुढे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी गावोगावी व्याख्याने देऊन तो लोकांपर्यंत नेला. कडकडून भूक लागण्याच्या दिवसातील दोन वेळा ओळखायच्या, त्या वेळी प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत संपवायचे, मध्ये पाणी, पातळ ताक किंवा बिनसाखरेचा कोरा चहा यांपलीकडे काही घ्यायचे नाही आणि रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचे, एवढीच ती पद्धत आहे. सुरू करण्यापूर्वी उपाशीपोटीचे इन्शुलिन आणि एचबीएवनसी तपासून घ्यायचे असते. विचार असा की प्रत्येक खाण्याबरोबर इन्शुलिन स्रवते आणि ते वारंवार स्रवत राहिले तर साठवलेली चरबी वापरली जात नाही.

मी आणि माझे दीर दोघेही कित्येक वर्षे असे जेवतो. दिरांचे पोट लक्षणीय कमी झाले, माझे वजन सहाएक किलोने उतरले आणि टिकले. १६:८ करणारे माझे परिचित मात्र दुपारी १२ ते ८ या वेळेत सतत काहीतरी चघळत असतात: जेवण, मग फळ, मग चहा-खारी, मग मूठभर दाणे, मग पुन्हा जेवण. त्याला उपवास म्हणणे मला पटत नाही.

स्टेथोस्कोप

केशरमळा, तुम्ही म्हणता ते चघळणे हा १६:८ मधील मोठा दोष आहे, हे मान्य. दोनदाच जेवण्याची पद्धत त्या बाबतीत अधिक स्पष्ट आहे आणि चालण्याचा भाग तर कोणत्याही पद्धतीत असायलाच हवा. परंतु जेवणानंतर वाढलेले इन्शुलिन निरोगी व्यक्तीत काही तासांत खाली येते, आणि दिवसभरात शरीराला मिळालेली एकूण ऊर्जा खर्चापेक्षा जास्त असेल तर दोनदा खाऊनही वजन वाढते. तुमचा अनुभव खरा आहे. त्याच्या कारणाविषयी आपला मतभेद राहू द्यावा.

अनुस्वार

आमच्या नणंदबाई आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर यांचे ऐकून दर दोन तासांनी थोडे थोडे खातात आणि त्यांचे यजमान डॉ. दीक्षितांचे ऐकून दिवसातून दोनदा जेवतात. दोघेही एकाच स्वयंपाकघरात सुखाने नांदत आहेत आणि दोघांचीही वजने जिथे होती तिथेच आहेत. दिवाळीत आमच्याकडे आले की मात्र दोघेही आपापले गुरू घरी ठेवून येतात.

निशिगंधा

सर्व अनुभव चांगलेच येत आहेत, म्हणून दुसरी बाजू लिहिते. मी चौतिसाव्या वर्षी १६:८ सुरू केले, वजन थोडे उतरल्यावर उत्साहाने ते १८:६ वर नेले आणि व्यायामही वाढवला. काही महिन्यांतच केस मोठ्या प्रमाणात गळू लागले, पाळी पुढे जाऊ लागली आणि पित्ताचा त्रास सुरू झाला. याहून वाईट गोष्ट अशी की सकाळी अकरापासून माझे सगळे लक्ष घड्याळाकडे लागलेले असे, आणि एक वाजला की मी जेवायला बसत नसे, तर अन्नावर तुटून पडत असे. रक्ताच्या तपासणीत लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिन फार कमी निघाले. ते आधीपासून कमी होते की खाणे आक्रसल्यामुळे झाले, हे सांगता येणार नाही असे डॉक्टर म्हणाल्या. पण आधीच तुटपुंज्या असलेल्या आहारातील एक जेवण मी काढून टाकले होते, एवढे निश्चित.

मी उपवास बंद केला. आता तीन वेळा जेवते, प्रत्येक जेवणात प्रथिने किती आहेत याकडे लक्ष देते आणि आठवड्यातून दोन-तीनदा वजने उचलण्याचा व्यायाम करते. किलो फार सावकाश उतरले, पण कपडे सैल झाले आणि डोके ताळ्यावर आले.

सरळरेषा

मला वाटते यात पद्धतीचा दोष नसून शिस्त कमी पडली. आपल्या आज्या चातुर्मासभर एकभुक्त राहत आणि त्यांना काही होत नसे.

निशिगंधा

सरळरेषा, एकभुक्त राहणाऱ्या आजीचे फेरिटिन कोणी तपासले नव्हते, त्यामुळे तिला काही होत नसे हे कशावरून ठरवायचे? माझी आजी दुपारी चारला चक्कर येऊन ओट्याला धरून उभी राहायची, आणि घरात त्याला ‘तिचा नेहमीचा थकवा’ म्हणत.

कढीलिंब

निशिगंधा यांच्या प्रतिसादाशी पूर्ण सहमत आहे. आता मृगधाराताईंच्या दुसऱ्या शंकेबद्दल लिहिते, कारण ती आतापर्यंत कोणीच हाती घेतलेली नाही आणि माझ्या मते बायकांचा हा प्रयोग बहुतेक वेळा तिथेच मोडतो.

आमचे नाशिकचे एकत्र कुटुंब आहे. मी संध्याकाळी साडेसातला जेवायला सुरुवात केली तेव्हा विरोध उपवासाला नव्हता. सुनेने सासऱ्यांच्या आणि नवऱ्याच्या आधी ताट वाढून घेण्याला होता. गंमत अशी की मी दर संकष्टीला दिवसभर उपाशी राहून चंद्रोदयानंतर, कधी रात्री साडेनऊलाही जेवते, हरितालिकेला तर पाणीही घेत नसे, आणि त्याबद्दल कोणी कधी काळजीचा शब्द काढला नाही, उलट कौतुकच झाले. तोच उपवास स्वतःच्या वजनासाठी करते म्हटल्यावर मात्र ‘अशक्तपणा येईल’, ‘अंगावर काही राहिले नाही’, ‘हे कसले नवे खूळ’ अशी वाक्ये रोज ऐकू येऊ लागली. पुरुषाने हेच केले असते तर त्याच्यासाठी सातला गरम पोळी करून दिली असती, आणि हे मी कडवटपणाने नव्हे, घरात दिराच्या बाबतीत प्रत्यक्ष पाहिलेले म्हणून लिहिते आहे.

मी मार्ग काढला तो मुलांचा आधार घेऊन. मुलांना सकाळच्या शाळेमुळे लवकर जेवावे लागतेच. त्यांच्या पंक्तीला मीही बसू लागले. ‘मुलांबरोबर जेवते’ हे कारण घराला चालते, ‘माझी विंडो (खाण्याची ठरलेली वेळ) संपते’ हे चालत नाही. रात्री नऊला सर्व जण बसतात तेव्हा मीही तिथे असते, वाढते, ग्लासभर पातळ ताक घेते, गप्पांत भाग घेते. सासूबाई अजूनही अधूनमधून बोलतात. त्याला मी उत्तर देत नाही. शनिवार-रविवार आणि सणावाराला मी सर्वांबरोबरच जेवते आणि त्याचा हिशेब ठेवत नाही. दोन वर्षांत पाच किलोच्या आसपास वजन उतरले आहे, जे या विषयावरील जाहिरातींच्या मानाने फार कमी आहे, पण चढलेले नाही.

मृगधारा

कढीलिंब, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. संकष्टीचे निरीक्षण अगदी आमच्या घरचे आहे. माझी मुले आता मोठी झाली आहेत, त्यामुळे त्यांची पंगत हाताशी नाही, पण शनिवार-रविवारची सूट मला सोयीची वाटते.

निळासावळा

मी सांगलीचा, जैन कुटुंबातील आहे. आमच्याकडे सूर्यास्तापूर्वी जेवण्याची रीत असल्याने संध्याकाळी साडेसहाला स्वयंपाकघर बंद होते, चातुर्मासात तर कटाक्षाने. संपूर्ण घरच जेवलेले असल्यामुळे एकट्याने निग्रह करण्याचा प्रश्न येत नाही. रात्री कोणी काही पुढे करतच नाही. मृगधाराताईंची अडचण म्हणूनच मला समजते, कारण नोकरीसाठी पुण्यात एकटा राहत असताना हीच रीत मला पाळता आली नव्हती.

दिवसाच्या पूर्वार्धात खाण्याविषयी एक प्रयोग २०१८ मध्ये अमेरिकेत झाला होता. मधुमेहाच्या उंबरठ्यावरील पुरुषांना सहा तासांत, दुपारी तीनच्या आत रात्रीचे जेवण उरकायला लावले, आणि वजन मुद्दाम स्थिर ठेवूनही त्यांची इन्शुलिनला प्रतिसाद देण्याची क्षमता व रक्तदाब सुधारला. मात्र त्यात माणसे केवळ आठ होती, हेही सांगायला हवे. आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर सूर्यास्तापूर्वी जेवणारे माझे सर्व नातेवाईक सडपातळ नाहीत. दुकानात गादीवर बसून काम, दुपारी भरपूर तूप आणि चारला गाठ्या-फाफडा असेल तर सूर्य एकटा काय करणार?

बंदरवाडी

आमच्याकडे रत्नागिरीला रमजानमध्ये महिनाभर रोजे असतात. पहाटे सेहरी, संध्याकाळी इफ्तार, मध्ये पाणीही नाही. महिनाअखेरीस एखादा किलो उतरलेला असतो आणि ईदनंतरच्या काही आठवड्यांत तो परत येतो. इफ्तारला तळणीचे पदार्थ, फिरनी आणि सरबते एकामागून एक समोर येतात, त्यामुळे निळासावळा यांच्या गाठ्या-फाफड्याचे दुःख समजू शकतो. रोजे वजनासाठी ठेवायचे नसतात, म्हणून तक्रार नाही. केवळ तिसऱ्या शंकेसाठी नोंद करून ठेवतो.

घाटवाट

उपवासाच्या फराळाविषयी कोणीतरी लिहायला हवे होते, मीच लिहितो. साबुदाणा म्हणजे टॅपिओकाच्या कंदातील जवळपास निव्वळ स्टार्च आहे, त्यात प्रथिने नावापुरतीच. खिचडीतील दाण्याच्या कुटामुळे प्रथिने येतात खरी, पण शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत २५ ग्रॅम प्रथिनांबरोबर साडेपाचशेहून अधिक कॅलरी येतात, आणि वर तूप असतेच. एकादशीला दुपारी खिचडी आणि रात्री भगर-आमटी खाऊन ‘आज सोळा तास पाळले’ म्हणणाऱ्या एका मित्राला मी हे समजावून पाहिले. तो अजून मित्र आहे.

पाटावरवंटा

घाटवाट, साबुदाण्याच्या खिचडीविषयी असे उघडपणे लिहिल्याबद्दल मी आपला निषेध नोंदवतो. बाकी मुद्दे मान्य आहेत.

आलेपाक

एक प्राथमिक शंका आहे. सकाळचा दुधासाखरेचा चहा घेतला तर सोळा तास मोडतात का? तो सोडणे मला अशक्य आहे, आणि कोरा चहा मी औषध म्हणूनही पिऊ शकत नाही.

केशरमळा

मोडतात. दुधात साखर असते आणि वरून आपण घालतो ती वेगळी.

स्टेथोस्कोप

नियमाच्या दृष्टीने मोडतात. वजनाच्या दृष्टीने पाहिले तर अर्धा कप बिनसाखरेच्या चहाने फार काही बिघडत नाही. प्रश्न साखर घातलेल्या चार-पाच कपांचा असतो, आणि त्याबरोबर येणाऱ्या खारी-बिस्किटांचा. चहासाठी सगळाच प्रयत्न सोडून देण्यापेक्षा सकाळी एक कप बिनसाखरेचा घ्यावा.

दूरवस्ती

मी जर्मनीत श्टुटगार्टजवळ राहते. इथे संध्याकाळी सहाच्या सुमारास पाव, चीज, काकडी असे थंड जेवण घेण्याची पद्धत आहे आणि कार्यालयात दुपारचे जेवण बाराला होते, त्यामुळे १४ तास तर न ठरवताही होतात. भारतात सुट्टीवर आले की तीच मी रात्री दहाला आमरस-पुरी खाते.

२०२४ च्या मार्चमध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या परिषदेतील एक बातमी फार गाजली होती: आठ तासांहून कमी वेळात खाणाऱ्यांमध्ये हृदयविकाराने मृत्यू येण्याची शक्यता ९१ टक्क्यांनी जास्त. ती वाचून मी काही काळ हे बंद केले होते. डॉक्टरांचे यावर काय मत आहे?

तसेच नोबेल मिळालेल्या ‘ऑटोफॅजी’मुळे सोळा तासांनंतर पेशी स्वतःची सफाई करतात, असे संदेशही सतत येतात.

स्टेथोस्कोप

ती पाहणी होती, प्रयोग नव्हता. अमेरिकेतील सुमारे वीस हजार प्रौढांनी केवळ दोन दिवसांत काय व केव्हा खाल्ले याच्या नोंदी घेऊन पुढे अनेक वर्षांतील मृत्यूंशी त्यांचा संबंध तपासला होता. एखादा माणूस आठ तासांतच खातो याचे कारण उपवास असेल, किंवा आजारपण, एकटेपण, गरिबी, दोन पाळ्यांची नोकरीही असेल. त्यामुळे उपवासाने मृत्यू ओढवतो असे त्यातून सिद्ध होत नाही. परंतु दीर्घकाळ पूर्ण सुरक्षित आहे असे छातीठोकपणे म्हणण्याइतका पुरावाही नाही, हे मी रुग्णांना सांगतो.

ऑटोफॅजीसाठी योशिनोरी ओसुमी यांना २०१६ मध्ये नोबेल मिळाले ते प्रामुख्याने यीस्टवरील कामासाठी. ती प्रक्रिया मानवी पेशींतही आहे. परंतु माणसात ती बरोबर सोळाव्या तासाला सुरू होते, हे संदेश पाठवणाऱ्यांचे संशोधन आहे.

आता एक गोष्ट, जी मी अधिक महत्त्वाची मानतो. वर सांगितलेल्या २०२० च्या प्रयोगात उपवास करणाऱ्यांपैकी काहींची शरीररचना तपासली, तेव्हा उतरलेल्या वजनातील मोठा वाटा चरबीचा नसून स्नायूंसह चरबीविरहित वस्तुमानाचा निघाला. आपल्याकडे ही भीती जास्त आहे, कारण नेहमीच्या ताटात पोळी-भाताच्या मानाने प्रथिने मुळातच कमी. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) शिफारशीनुसार प्रौढ माणसाला दररोज किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. ६५ किलोच्या व्यक्तीला साधारण ५४ ग्रॅम. पातळ वरणाच्या दोन वाट्यांनी ते भागत नाही. जेवणांची संख्या कमी करायची असेल तर उरलेल्या प्रत्येक जेवणात घट्ट उसळ, पिठले किंवा झुणका, दही, पनीर, खात असल्यास अंडी-मासे असे काहीतरी भरीव हवे. एका अंड्यातून सहा-साडेसहा ग्रॅम मिळतात, यावरून अंदाज यावा.

रात्रपाळी

मी परिचारिका आहे, महिन्यातील निम्म्या पाळ्या रात्रीच्या असतात. आम्हाला ‘रात्री आठनंतर खाऊ नका’ हे वाक्य ऐकले की हसू येते. पहाटे तीनला कँटीनमधील वडापाव आणि चहा हेच आमचे जेवण असते. मी आता पाळीवर निघण्यापूर्वी सातला पूर्ण जेवण घेते, पहाटे केवळ उकडलेले अंडे किंवा डब्यातील मोड आलेले मूग खाते आणि सकाळी घरी पोचल्यावर हलका नाश्ता करून झोपते. याला कोणतेही आकड्यांचे नाव नाही, पण वजन वाढणे थांबले.

अवांतर

तिसऱ्या शंकेला थेट उत्तर देतो, कारण मी हे करून सोडलेल्यांपैकी आहे. सुमारे दीड वर्ष दिवसाआड उपवास करत होतो, म्हणजे एक दिवस नेहमीसारखे जेवण आणि दुसऱ्या दिवशी दुपारी एकदाच, पाचशे कॅलरींच्या आत. वजन चांगले अकरा किलो उतरले. मग बदली झाली, नव्या गावात घर लागेपर्यंत खानावळीत जेवू लागलो, उपवासाचे दिवस आधी पुढे ढकलले आणि पुढे बंदच पडले. वर्षभरात अकरापैकी आठ किलो परत आले. ते अचानक आले नाहीत. दर महिन्याला थोडे थोडे, पँटचे बटण सांगेल तसे आले.

मला आता वाटते की उपवासाच्या दिवशी काय सोडायचे ते मला पाठ झाले होते, पण साध्या दिवशी किती खावे हे मी शिकलोच नव्हतो. घाटवाट यांचे टिकले कारण त्यांचा नियम त्यांच्या रोजच्या दिवसाचाच भाग झाला. दिवसाआडच्या उपवासात घरातील प्रत्येक कार्यक्रम ‘आज कोणता दिवस आहे’ असे विचारून ठरवावा लागत असे, आणि त्याला बायको माझ्याआधी कंटाळली.

स्टेथोस्कोप

अवांतर यांच्या अनुभवाला पुष्टी देणारा एक प्रयोग शिकागोत झाला होता. तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. शंभर जणांपैकी काहींनी दिवसाआड उपवास केला, काहींनी रोज थोडे कमी खाल्ले. वर्षअखेरीस वजनातील घट जवळपास सारखीच होती, सहा टक्के आणि ५.३ टक्के, परंतु मध्येच सोडून जाणाऱ्यांचे प्रमाण दिवसाआड उपवासाच्या गटात ३८ टक्के आणि रोज कमी खाणाऱ्यांत २९ टक्के होते.

मृगधारा

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री यजमानांशी आणि सासूबाईंशी बोलले. सोमवार ते शुक्रवार मी संध्याकाळी साडेसातला जेवणार, नऊला त्यांच्याबरोबर बसणार पण ताकापलीकडे काही घेणार नाही, आणि शनिवार-रविवार सर्वांबरोबर जेवणार, असे ठरले आहे. सकाळी थेट बारापर्यंत थांबणे मला झेपणार नाही, म्हणून साडेनऊला मुगाचे धिरडे किंवा अंडी खाऊन निघेन. म्हणजे सोळाऐवजी चौदा तास होतील. चारचा कार्यालयातील वडा-समोसा बंद, याबद्दल मात्र सवलत ठेवलेली नाही. सासूबाईंनी एवढेच विचारले की श्रावणी सोमवार कसा सोडायचा. तो संध्याकाळीच सोडायचा असल्याने त्या दिवशी त्याही साडेसातला माझ्याबरोबर जेवणार आहेत.

डॉक्टरांनी तीन महिन्यांनी पुन्हा एचबीएवनसी करायला सांगितले आहे. तेव्हा आकडा येथे लिहीन.

कढीलिंब

निदान सोमवारी तरी सोबत मिळाली. साडेनऊचे धिरडे घट्ट पिठाचे करा, नाहीतर अकरालाच भूक लागते.

पाटावरवंटा

मृगधाराताई, आता श्रावण लागतो आहे. तीन महिने मोजले तर तपासणी बरोबर दिवाळीच्या आसपास येते. ती वसुबारसेच्या आधी उरकून घ्यावी, असा माझा अनुभवी सल्ला आहे.

स्टेथोस्कोप

एचबीएवनसी मागील दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवते, त्यामुळे वसुबारसेच्या आधी केलेल्या तपासणीतून सुटलेला फराळ पुढच्या तपासणीत पकडला जाईल. तारीख डॉक्टरांनी दिली आहे तीच ठेवावी, आणि त्या दिवशी कमरेचा घेरही मोजून लिहावा. आपल्याकडील स्त्रियांसाठी ८० सेंटीमीटरची मर्यादा धरतात.